बीपी कमीच आहे, मग बीपीची गोळी कशाला?

हा प्रश्न आमच्या घरी इतक्या जणांनी विचारलाय की शेवटी म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच टाकते. बाबांना हार्ट फेल्युअर आहे, म्हणजे हृदय बंद पडलेलं नाही, पण शरीराला लागेल तेवढं रक्त ते नीट पुरवू शकत नाही. मशीनवर वरचं बीपी बऱ्याचदा शंभराच्या आसपासच असतं, आणि त्यांच्या गोळ्यांच्या डब्यात ज्या गोळ्या आहेत त्यातल्या बहुतेकांचं नाव गूगलवर टाकलं की पहिल्याच ओळीत येतं, "उच्च रक्तदाबावरील औषध". मग मामा म्हणतो, अगं आधीच बीपी खाली आहे, त्यात अजून खाली नेणाऱ्या गोळ्या कशाला देता, चक्कर येऊन पडले म्हणजे? प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर कोणी नीट सांगितलं नाही तर लोक काय करतात, की मशीनवर ९८ दिसलं, आजची गोळी राहू दे. उद्याचीही राहू दे. आणि काही आठवड्यांनी पायाला सूज, रात्री आडवं पडलं की दम, आणि परत अ‍ॅडमिट. हे मी जवळून बघितलंय आमच्या ओळखीत, म्हणून हे लिहिणं मला गरजेचं वाटतं.

थोडक्यात उत्तर असं की हार्ट फेल्युअरमध्ये या गोळ्या बीपीचा आकडा खाली आणण्यासाठी दिलेल्याच नसतात. बीपी कमी होणं हा त्यांचा सोबत येणारा परिणाम असतो, कधी हवासा, कधी नकोसा. खरं काम वेगळंच चाललेलं असतं. ते काम काय, हे कळायला आधी हृदयाचं काय बिघडलंय ते बघावं लागेल.

इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवर एलव्हीईएफ म्हणून एक आकडा असतो, बोलताना सगळे त्याला पंपिंग म्हणतात. हृदयाचा डावा खालचा कप्पा भरल्यावर त्यात जेवढं रक्त असतं त्यातलं किती टक्के एका ठोक्यात बाहेर फेकलं जातं, तो हा आकडा. निरोगी माणसातही तो १०० नसतो हे आधी डोक्यात पक्कं करा, साधारण ५५ ते ७० असतो, त्यामुळे ३० आलं म्हणजे "७० टक्के हृदय गेलं" असा अर्थ होत नाही. ४० किंवा त्याखाली असेल तर त्याला पंपिंग कमी झालेलं हार्ट फेल्युअर म्हणतात, आणि आज मी मुख्यतः त्याच्याबद्दल लिहितेय. अटॅकनंतर स्नायूचा एक भाग मेलेला असतो, किंवा वर्षानुवर्षं बीपी वाढलेलं असतं, किंवा व्हायरस, दारू, काही कॅन्सरची औषधं, कधी घराण्यातला जीन, कारण काहीही असू शकतं, पण शेवटी कप्पा ताणला जातो, मोठा होतो, गोलसर होतो आणि त्याचं आकुंचन ढिलं पडतं.

आता खरी गोम इथे आहे. हृदय कमजोर झालंय हे शरीराला थेट कळत नाही. त्याला एवढंच कळतं की किडनीकडे पुरेसं रक्त येत नाहीये, रक्तवाहिन्यांमधला दाब कमी वाटतोय. आणि असं कशामुळे होऊ शकतं याचं शरीराला पूर्वापार ठाऊक असलेलं उत्तर म्हणजे रक्तस्राव, नाहीतर अंगातलं पाणी आटणं. त्यामुळे ते तसाच उपाय सुरू करतं. किडनी रेनिन सोडते, त्यातून अँजिओटेन्सिन २ तयार होतं, ते रक्तवाहिन्या आवळतं. अल्डोस्टेरॉन वाढतं, ते मीठ आणि पाणी धरून ठेवतं. तिकडून अ‍ॅड्रेनालिन, नॉरअ‍ॅड्रेनालिन वाढून ठोके जलद होतात. जखम होऊन रक्त गेलं असेल तर हे सगळं जीव वाचवतं, काही तासांपुरतं. पण हार्ट फेल्युअरमध्ये ही इमर्जन्सी संपतच नाही, महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं तोच धोशा. साठवलेलं पाणी फुप्फुसात आणि पायात उतरतं, आवळलेल्या रक्तवाहिन्यांमध्ये रक्त ढकलायला हृदयाला आणखी जोर लावावा लागतो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे हीच हॉर्मोन्स थेट हृदयाच्या स्नायूला इजा करतात. पेशी मरतात, मधे चिवट तंतू साठतात, कप्पा अजून ताणला जातो. म्हणजे मूळ आजारापेक्षा शरीराची त्याच्यावरची प्रतिक्रियाच पुढचं नुकसान जास्त करत राहते.

यात एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. निरोगी हृदयासमोरचा अडथळा थोडा वाढला तर ते जोर लावून जवळपास तेवढंच रक्त फेकतं. कमजोर हृदयाला ते जमत नाही, समोरचा अडथळा जरा वाढला की प्रत्येक ठोक्यातून बाहेर पडणारं रक्त लगेच घटतं. पण याची दुसरी बाजू अशी की अडथळा कमी केला तर त्याच ताकदीत जास्त रक्त बाहेर पडतं. आणि बीपी म्हणजे शेवटी काय, किती रक्त वाहतंय आणि त्याला किती अडथळा होतोय या दोन्हींचा मिळून झालेला आकडा. अडथळा उतरला पण वाहणारं रक्त वाढलं, तर बीपी आपल्याला भीती वाटते तेवढं पडत नाही. अवयवांना मात्र आधीपेक्षा चांगलं रक्त मिळतं. म्हणून मशीनवर १००/६५ दिसतंय, पण माणूस जिना चढतोय, लघवी नीट होतेय, हातपाय उबदार आहेत, डोकं तरतरीत आहे, तर ते १०० चांगलं असतं. आणि एखाद्याचं १३० असून तो दोन पावलांत धापा टाकत असेल तर ते १३० बघून खूश होण्यात अर्थ नाही.

मग प्रश्न येतो, अडथळाच कमी करायचाय ना, तर बीपी कमी करणारी कुठलीही गोळी चालेल की. डॉक्टरांनाही एकेकाळी असंच वाटलं होतं, आणि हे तपासून बघितलं गेलं. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलांमधला एक मोठा अभ्यास छापून आला, ६४२ पुरुष पेशंट. काहींना प्राझोसिन दिलं, काहींना हायड्रॅलाझिन आणि नायट्रेटची जोडी, काहींना नुसती खोटी, म्हणजे आत औषधच नसलेली गोळी. प्राझोसिन रक्तवाहिन्या सैल करतं, बीपी उतरवतं, त्यात वाद नाही. पण त्या लोकांचं पंपिंग सुधारलं नाही आणि ते खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा जास्त जगलेही नाहीत. हायड्रॅलाझिन-नायट्रेटवाल्यांचं पंपिंग वाढलं आणि मृत्यूही कमी झाले. दोन्ही रक्तवाहिन्या सैल करणारीच औषधं, निकाल वेगळे.

पुढे याहून कडक धडे मिळाले. डॉक्साझोसिन, म्हणजे प्राझोसिनचंच भावंड, बीपीच्या एका प्रचंड मोठ्या अभ्यासात वापरलं होतं, २००० साली त्याचा गट मधेच बंद करावा लागला कारण साध्या लघवीच्या गोळीच्या (अंगातलं जास्तीचं पाणी लघवीवाटे काढणाऱ्या) तुलनेत त्या गटात हार्ट फेल्युअर होण्याचं प्रमाण दुप्पट निघालं. मॉक्सोनिडिन नावाची गोळी मेंदूतूनच अ‍ॅड्रेनालिनचा जोर कमी करते, बीपी उतरतं, रक्तातलं नॉरअ‍ॅड्रेनालिन उतरतं, कागदावर सगळं आदर्श. हार्ट फेल्युअरच्या पेशंटना दिली तर मृत्यू वाढले आणि १९९९ मध्ये अभ्यास थांबवला. त्यामुळे "बीपी उतरलं म्हणजे हृदयाला आराम मिळाला" हे गणित इथे चालत नाही. कुठल्या वाटेने उतरवलं हे बघावं लागतं.

जी वाट चालली ती म्हणजे त्या हॉर्मोन्सच्या साखळीलाच अडवायचं. पहिल्यांदा एसीई इनहिबिटर आले, म्हणजे अँजिओटेन्सिन २ तयार होणंच अडवणारे, एनालाप्रिल, रॅमिप्रिल, लिसिनोप्रिल या 'प्रिल' कुळातल्या गोळ्या. (या कुळातल्या पहिल्या गोळीची, कॅप्टोप्रिलची, कल्पना ब्राझीलमधल्या एका विषारी सापाच्या विषावरून सुचली होती, मला ही गोष्ट दरवेळी थक्क करते.) १९८७ मध्ये अगदी शेवटच्या टप्प्यातल्या २५३ पेशंटवर एनालाप्रिलचा अभ्यास झाला. बसल्या जागीही दम लागणारी माणसं ही. सहा महिन्यांत खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी ४४ टक्के गेले, एनालाप्रिल घेणाऱ्यांपैकी २६ टक्के. एका बीपीच्या गोळीने एवढा फरक पडतो यावर तेव्हा किती जणांचा विश्वास बसला असेल कुणास ठाऊक.

आणि १९९१ मधला एक निकाल तर पंपिंगच्या आकड्याकडे डोळे लावून बसणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. हायड्रॅलाझिन-नायट्रेट विरुद्ध एनालाप्रिल अशी सरळ तुलना केली. सुरुवातीच्या महिन्यांत पंपिंग जास्त वाढलं हायड्रॅलाझिनवाल्यांचं, व्यायामाची क्षमताही त्यांचीच वाढली, पण दोन वर्षांनंतर जास्त जण जिवंत होते एनालाप्रिलवाले. मृत्यू १८ टक्के विरुद्ध २५ टक्के. म्हणजे इकोवरचा आकडा महत्त्वाचा आहेच, पण तो सगळं सांगत नाही. एखाद्या गोळीने आकडा फारसा हलला नाही म्हणून ती फुकट चाललीये असं समजू नका, ती कप्पा आणखी ताणला जाण्यापासून थांबवत असेल, आणि जे झालं नाही ते रिपोर्टमध्ये दिसत नसतं.

प्रिलने काहींना सुका खोकला लागतो. ठसका लागल्यासारखा, कफ नाही, रात्री जास्त. बाबांना लागला होता. हार्ट फेल्युअरमध्येही फुप्फुसात पाणी साठून खोकला येतो, त्यामुळे आधी ते नाहीये ना हे डॉक्टरांनी बघायचं असतं, आणि गोळीचाच असेल तर 'सार्टान' कुळातली गोळी देतात, लोसार्टान, व्हॅल्सार्टान, कँडेसार्टान. ती त्याच साखळीत एक पायरी पुढे अडवते, खोकला सहसा येत नाही.

आता बीटा ब्लॉकर. याच्यावर मी जरा रेंगाळणार आहे कारण सगळ्यात जास्त गैरसमज आणि सगळ्यात जास्त परस्पर बंद केल्या जाणाऱ्या गोळ्या याच.

बीटा ब्लॉकर हृदयाचा जोर कमी करतात, ठोके मंद करतात. हृदय आधीच दुबळं, त्याला आणखी मंद करणारी गोळी द्यायची? अनेक वर्षं वैद्यकीय पुस्तकांत स्पष्ट लिहिलेलं असायचं की हार्ट फेल्युअरमध्ये बीटा ब्लॉकर देऊ नये. १९७५ मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या फिन वागस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात पेशंटना ते दिलं, हृदय मोठं झालेले आणि ठोके फार जलद असलेले पेशंट, आणि ते सुधारले असं छापलं. जगाने त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. मोठे अभ्यास व्हायला आणखी वीसेक वर्षं जावी लागली. १९९९ मध्ये बायसोप्रोलॉलचा निकाल आला, २६४७ पेशंट, मृत्यू १७.३ टक्क्यांवरून ११.८ टक्के. त्याच वर्षी मेटोप्रोलॉल सक्सिनेटचा आला, मृत्यूंमध्ये ३४ टक्के घट. २००१ मध्ये कार्व्हेडिलॉलचा, तोही पंपिंग २५ च्याही खाली असलेल्या लोकांमध्ये, ३५ टक्के घट. जी गोळी द्यायलाच नको म्हणत होते ती आता प्रत्येकाला द्यायला हवी असं ठरलं.

असं कसं झालं? जलद ठोके आणि अ‍ॅड्रेनालिनचा मारा म्हणजे दमलेल्या बैलाला पराणी टोचत राहणं. तो त्या क्षणी चार पावलं जास्त चालतो, पण लवकर कोसळतो. बीटा ब्लॉकर ती पराणी काढून घेतो. ठोके मंद झाले की दोन ठोक्यांमधला विसाव्याचा वेळ वाढतो, आणि हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांमधून, विशेषतः डाव्या कप्प्याला, रक्त मिळतं ते मुख्यतः याच विसाव्यात. स्नायूची ऑक्सिजनची गरज कमी होते, पेशींमधला कॅल्शियमचा बिघडलेला व्यवहार हळूहळू ताळ्यावर येतो, धोकादायक अनियमित ठोक्यांमुळे अचानक जाण्याचा धोका कमी होतो. आणि काही महिन्यांत कप्पा प्रत्यक्ष लहान होत जातो, पुन्हा आकारात येतो. कार्व्हेडिलॉलवर १९९६ मध्ये वेगवेगळे डोस देऊन बघितलं तेव्हा सगळ्यात कमी डोसवर पंपिंग साधारण ५ अंकांनी वाढलं, सगळ्यात जास्त डोसवर ८ अंकांनी, खोटी गोळी घेणाऱ्यांचं २ अंकांनी. डोस जास्त तर फायदा जास्त, इतकं सरळ.

पण हे सगळं महिन्यांच्या हिशोबात घडतं. पहिल्या काही दिवसांत पंपिंग थोडं कमीच होतं, महिन्याभरात पूर्वपदावर येतं आणि तीनेक महिन्यांनी वर जाताना दिसतं. म्हणून ही गोळी अंगात पाणी साठलेलं असताना, माणूस धापा टाकत असताना सुरू करत नाहीत, आधी पाणी उतरवतात. आणि म्हणूनच अगदी कणभर डोसने सुरुवात असते, बायसोप्रोलॉल १.२५ मिलिग्रॅम, कार्व्हेडिलॉल ३.१२५ दिवसातून दोनदा, आणि साधारण दोन-दोन आठवड्यांनी डोस दुप्पट करत करत बायसोप्रोलॉल १० पर्यंत, कार्व्हेडिलॉल दोन वेळा २५ पर्यंत न्यायचा असतो.

बाबांचे ते सुरुवातीचे आठवडे मला चांगले आठवतात. गळून गेल्यासारखं व्हायचं त्यांना, दुपारी पेपर वाचता वाचता डोळा लागायचा, मला म्हणायचे, "या गोळीने माझी होती नव्हती ती ताकद गेली बघ." आम्ही एका वहीत रोज सकाळी लिहायचो, लघवीला जाऊन आल्यावर आणि खायच्या आधी वजन, मग पाच मिनिटं शांत बसून बीपी आणि पल्स, पायाच्या घोट्यावर बोट दाबून खळगा पडतो का ते. गळल्यासारखं वाटत होतं पण वजन जागेवर होतं, सूज नव्हती, पल्स ९६ वरून ७० कडे येत होती. डॉक्टर ती वही बघून म्हणाले, "गोळी आपलं काम करतेय, सध्या आहे तोच डोस ठेवू, घाई नाही." त्या वहीमुळेच गोळी टिकली. नुसत्या "बरं वाटत नाही" वर निर्णय घ्यायचा असता तर कदाचित बंदच झाली असती. वजन दोन-तीन दिवसांत दोन किलोने वाढलं तर मात्र ते चरबीचं नसतं, पाणीच असतं, तेव्हा लगेच फोन करायचा.

एक पथ्य कायम लक्षात ठेवा, बीटा ब्लॉकर एकदम बंद करायचा नाही. कधीच नाही. बंद करायचीच वेळ आली तर डॉक्टर पायरीपायरीने कमी करतात. आणि दमा असेल किंवा पल्स पन्नासच्या खाली जात असेल तर ते त्यांना सांगा, तिथे विचार वेगळा होतो. अजून एक, सगळे बीटा ब्लॉकर सारखे नाहीत, मेटोप्रोलॉलचं सक्सिनेट आणि टार्ट्रेट हे दोन वेगळे प्रकार आहेत आणि हार्ट फेल्युअरमधला तो पुरावा सक्सिनेटचा आहे, तेव्हा बदली ब्रँड घेताना स्ट्रिपच्या मागचं नाव पूर्ण वाचा.

तिसरी गोळी म्हणजे स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन, अल्डोस्टेरॉनला अडवणारी. रक्तदाबावर हिचा परिणाम छोट्या डोसमध्ये किरकोळच, पण १९९९ च्या अभ्यासात स्पायरोनोलॅक्टोनने मृत्यू ३० टक्क्यांनी कमी केले. पुरुषांना छातीत गाठ, दुखणं असा त्रास होतो, त्या अभ्यासात दहातल्या एकाला झाला. संकोचाने कोणी सांगत नाही. सांगा, एप्लेरेनोनवर तो त्रास फारसा होत नाही. आणि हिच्याबरोबर पोटॅशियमवर लक्ष हवंच. सुरू केल्यावर आठवड्याभरात आणि मग महिन्याने रक्त तपासायचं, कारण प्रिल किंवा सार्टानही पोटॅशियम वाढवतात, आणि पोटॅशियम फार चढलं तर हृदयाचे ठोकेच बिघडतात. बाजारात "कमी सोडियमचं" म्हणून जे मीठ मिळतं त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं, हार्ट फेल्युअरच्या पेशंटला कौतुकाने तेच मीठ दिलं जातं. पाकीट वाचा.

२०१४ नंतर प्रिलच्या जागी सॅक्युबिट्रिल आणि व्हॅल्सार्टान यांची एकत्र गोळी आली. ताणलेलं हृदय स्वतःहून काही चांगली हॉर्मोन्स सोडत असतं, मीठ-पाणी बाहेर काढणारी, रक्तवाहिन्या सैल करणारी, सॅक्युबिट्रिल ती मोडू देत नाही. एनालाप्रिलशी तुलना करता हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी अ‍ॅडमिट होणं यात २० टक्के घट झाली. बीपीवर मात्र हिचा परिणाम जास्त जाणवतो. आणि प्रिल बंद करून ही सुरू करताना मधे ३६ तास जाऊ द्यावे लागतात, नाहीतर चेहरा, जीभ, घसा सुजण्याचा धोका असतो. घरात जुन्या प्रिलची स्ट्रिप शिल्लक असेल तर ती डब्यातून आधी काढून टाका. चौथी गोळी म्हणजे डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, मूळच्या शुगरच्या गोळ्या पण शुगर नसलेल्यांनाही हार्ट फेल्युअरमध्ये तेवढ्याच उपयोगी, बीपी जेमतेम उतरवतात. त्यांच्यावर परत कधीतरी लिहीन.

आता ज्या बीपीच्या गोळ्या इथे नकोत त्या. डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल. याही ठोके मंद करतात, म्हणून वाटेल की बीटा ब्लॉकरसारख्याच. पण यांचा अ‍ॅड्रेनालिनच्या माऱ्यापासून बचाव करण्याशी संबंध नाही, आकुंचनाचा जोर मात्र कमी करतात. पंपिंग कमी असेल तर त्या घातक ठरू शकतात, १९८८ मध्ये अटॅक येऊन गेलेल्यांवर डिल्टियाझेमचा अभ्यास झाला त्यात ज्यांच्या फुप्फुसात पाणी साठलेलं होतं त्यांना नुकसानच झालं. अ‍ॅम्लोडिपिन त्याच मोठ्या कुटुंबातलं, पण ते निरुपद्रवी निघालं, मृत्यू वाढवत नाही आणि कमीही करत नाही. फक्त त्याने पायाला सूज येते, आणि हार्ट फेल्युअरच्या पेशंटच्या पायाला सूज आली की सगळ्यांची धावपळ होते, लघवीची गोळी वाढवली जाते, आणि अ‍ॅम्लोडिपिनची सूज लघवीच्या गोळीने धड उतरत नाही. बीपी खरंच जास्त नसेल तर ते चालू आहे का आणि कशासाठी, हे विचारायला हरकत नाही. आणि बीपीची गोळी नसली तरी इथेच सांगते, गुडघेदुखी-कंबरदुखीवर सर्रास घेतल्या जाणाऱ्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मीठ-पाणी धरून ठेवतात, किडनीवर ताण आणतात आणि वरच्या सगळ्या औषधांवर पाणी फिरवतात.

परत मामाच्या प्रश्नाकडे. बीपी खरंच खूप कमी झालं तर? आधी बघायचं की त्रास होतोय का. वरचं ९५ आहे पण चक्कर नाही, अंधारी नाही, लघवी नेहमीसारखी, तर बहुतेक हृदयतज्ज्ञ गोळ्यांना हात लावत नाहीत. कार्व्हेडिलॉलच्या २००१ च्या अभ्यासात वरचं बीपी ८५ असलेल्यांनाही घेतलं होतं, आणि ज्यांचं सुरुवातीला सगळ्यात कमी होतं त्यांचं गोळीवर सरासरीने वाढलंच, कारण हृदय सुधारलं. बीपीच्या गोळीने बीपी वाढलं, हे ऐकायला विचित्र वाटतं पण वर अडथळा आणि वाहणारं रक्त यांचं जे सांगितलं त्यावरून पटेल.

त्रास होत असेल, म्हणजे उठल्यावर गरगरतं, तोल जातो, तर झोपून आणि मग उभं राहून एक आणि तीन मिनिटांनी असं बीपी मोजून लिहून न्या. डॉक्टर मग आधी हृदयाला फायदा नसलेली गोळी काढतात. प्रोस्टेटसाठी चालू असलेली टॅम्सुलोसिनसारखी गोळीही बीपी पाडते आणि ती दुसऱ्याच डॉक्टरांच्या कागदावर असते, त्यामुळे सगळे कागद एकत्र न्यायला हवेत. मग पाणी अंगात उरलेलं नसेल तर लघवीची गोळी कमी करतात, कारण ती लक्षणांसाठी असते, आराम भरपूर देते, पण आयुष्य वाढवते असा पुरावा तिच्यामागे नाही. मग गोळ्यांच्या वेळा विभागतात, सगळ्या सकाळी नाश्त्याबरोबर घ्यायच्या नाहीत. एवढं करूनही जमलं नाही तरच मुख्य गोळ्यांचा डोस कमी होतो, आणि तेव्हाही शून्यापेक्षा थोडी गोळी बरी. जुलाब-उलट्या होत असतील तर मात्र त्याच दिवशी फोन करून विचारा, तेव्हा काही गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागतात. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चाललीये ते सांगणारा रक्तातला आकडा, थोडं वाढलं म्हणूनही लोक घाबरून गोळी सोडतात. प्रिल-सार्टान सुरू केल्यावर ते सुरुवातीच्या आकड्याच्या ३० टक्क्यांपर्यंत वाढलं तर सहसा चालवून घेतात, तपासत राहतात.

आणि पंपिंग सुधारलं तर? ३० चं ५२ झालं, माणूस ठणठणीत, आता कशाला रोज मूठभर गोळ्या. लंडनच्या डॉक्टरांनी हे काळजीपूर्वक करून बघितलं, हृदय मोठं होऊन मग पूर्ण सुधारलेले ५१ पेशंट घेतले, अर्ध्यांच्या गोळ्या देखरेखीखाली हळूहळू बंद केल्या. सहा महिन्यांत त्यातल्या ४४ टक्क्यांचं हृदय पुन्हा बिघडायला लागलं. ज्यांच्या चालू होत्या त्यांच्यात त्या काळात एकाचंही नाही. सुधारलेला आकडा गोळ्यांच्या आधारावर उभा असतो.

पंपिंग ५० च्या वर असूनही हार्ट फेल्युअर असतं, हृदय कडक होतं आणि नीट सैल पडत नाही म्हणून. तिथे वाढलेलं बीपी आटोक्यात ठेवणं हे खरोखरच बीपीसाठीच असतं, आणि प्रिल-बीटा ब्लॉकर यांचा वर सांगितलेला मोठा फायदा तिथे दिसलेला नाही. त्यामुळे शेजारच्यांच्या गोळ्यांशी आपल्या गोळ्यांची तुलना करू नका, आजाराचं नाव एकच असलं तरी.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते असं की कित्येक जणांच्या गोळ्या सुरुवातीच्या कणभर डोसवरच वर्षानुवर्षं राहतात. कोणी वाढवत नाही, कोणी विचारत नाही, "बरं आहे ना, मग हेच चालू ठेवा". २०२२ मध्ये एका अभ्यासात हार्ट फेल्युअरसाठी अ‍ॅडमिट झालेल्यांचे डोस घरी सोडल्यापासून दोन आठवड्यांत पूर्ण पातळीवर नेले, वारंवार तपासण्या करत, आणि सहा महिन्यांत मृत्यू किंवा परत अ‍ॅडमिट होणं २३ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आलं. गोळ्या त्याच, फक्त डोस पुरेसा आणि वेळेत. तेव्हा पुढच्या व्हिजिटला वही घेऊन जा आणि थेट विचारा, डॉक्टर, यातल्या कुठल्या गोळीचा डोस अजून वाढवायचा बाकी आहे, आणि बाकी असेल तर कशामुळे अडलंय, बीपी, पल्स, पोटॅशियम की किडनी?